ठेका धरून नेम : माउस की पेन?

संगणकावर खेळणाऱ्या मुलांमध्ये एक वाद वर्षानुवर्षे चालू आहे. गाण्याच्या ठेक्यावर खेळायच्या खेळांना माउस चांगला, की चित्रे काढण्यासाठी मिळणारा टॅब्लेट? (येथे टॅब्लेट म्हणजे औषधाची गोळी नव्हे आणि मोठा मोबाइलही नव्हे; टेबलावर ठेवायची, पेनाची जागा ओळखणारी सपाट पाटी.) शिक्षकांपर्यंत हा वाद पोचतो तो बहुधा, "सर, घरी टॅब्लेट घ्यायला सांगू का?" अशा रूपात. खेळाची गोष्ट म्हणून आपण तो बाजूला सारतो, किंवा "जे असेल त्यावर खेळ" असे सांगून मोकळे होतो.

पण हा प्रश्न क्षुल्लक नाही. 'ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी हात किती अचूक पोचतो?' हे शास्त्रज्ञ १८९९ सालापासून मोजत आले आहेत. टॅब्लेट घेण्यात घरचे पैसे जातात आणि हाताला शेकडो तासांची सवय लागते. 'अमुक उपकरण चांगले' हे वाक्य कधी खरे असते आणि कधी अर्धवट, हे शिकवायलाही हा प्रश्न फार सोयीचा आहे. म्हणून त्याचा इतिहास थोडा उलगडून पाहू.

खेळ पेनाचा, आला माउसकडे

ठेक्यावर खेळायचे व्हिडिओ खेळ जपानमध्ये १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात रुजले. १९९६ मध्ये 'पॅरापा द रॅपर', १९९७ मध्ये 'बीटमॅनिया', १९९८ मध्ये पायांनी खेळायचा 'डान्स डान्स रेव्होल्यूशन' असे खेळ आले. या खेळांत कळ कोणती दाबायची आणि केव्हा, एवढेच पाहायचे असे. पडद्यावर नेम धरायचा नसे.

नेमाचा भाग आला २००५ साली. निन्टेन्डो डीएस या हातात धरायच्या यंत्राच्या पडद्याला स्पर्श कळत असे. त्यासाठी 'ओसू! तताकाए! ओएन्दान' हा जपानी खेळ निघाला. गाणे चालू असताना पडद्यावर वर्तुळे उमटत आणि ठोक्याच्या क्षणी बारीक पेनाने त्यांवर टोचायचे असे. २००७ साली डीन हर्बर्ट या ऑस्ट्रेलियन तरुणाने हीच कल्पना संगणकावर आणली आणि खेळाचे नाव ठेवले 'ओसू!'. संगणकाशेजारी पेन नव्हते, माउस होता. म्हणजे पेनासाठी जन्मलेला खेळ माउसवर आला, आणि पुढे अनेक खेळाडू टॅब्लेट घेऊन पुन्हा पेनाकडे वळले. वाद सुरू झाला तो इथे.

खेळ समजायला सोपा आहे. उमटलेल्या वर्तुळाभोवती एक मोठे कडे आकसत येते. ते वर्तुळाला भिडले की ठोका. त्या क्षणी कर्सर वर्तुळात हवा आणि कळ दाबली जायला हवी. काही वेळा वर्तुळाऐवजी लांब पट्टा येतो. तेव्हा कळ दाबून धरून त्यावरून सरकणाऱ्या चेंडूबरोबर कर्सर न्यायचा. वेळेची काटेकोरी दहाव्या पातळीवर ठेवली, तर पूर्ण गुणांसाठी ठोक्याच्या मागेपुढे २० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा पन्नासावा भाग, एवढीच सूट मिळते. कळ दाबायला सराईत खेळाडू बहुधा दुसऱ्या हाताने कीबोर्डवरच्या दोन कळा वापरतात. म्हणजे नेम एका हाताकडे आणि ठेका दुसऱ्याकडे. ही कामाची वाटणी ध्यानात ठेवावी. पुढे ती उपयोगी पडणार आहे.

दोन उपकरणांची कुळकथा

पेन हे माउसपेक्षा जुने घराणे. १८८८ साली अमेरिकेत एलिशा ग्रे याने 'टेलऑटोग्राफ' या यंत्राचे पेटंट मिळवले. एका टोकाला पेनाने लिहावे आणि तारेच्या दुसऱ्या टोकाच्या पेनाने तसेच गिरवावे, अशी ती योजना. १९६३ मध्ये आयव्हन सदरलँड यांनी 'स्केचपॅड' या आज्ञावलीत प्रकाशपेन थेट पडद्याला लावून आकृत्या काढून दाखवल्या. मात्र उभ्या पडद्यासमोर हात उचलून धरणे दमवणारे होते. १९६४ मध्ये रँड या संशोधनसंस्थेत डेव्हिस आणि एलिस यांनी दहा इंच चौरस पाटी बनवली. तिच्यात आडव्या-उभ्या बारीक वाहकांची जाळी होती आणि सुमारे दहा लाख जागा वेगळ्या ओळखता येत. हात टेबलावर, नजर पडद्यावर ही आजच्या टॅब्लेटची मांडणी या रँड टॅब्लेटमध्येही होती.

त्याच वर्षी कॅलिफोर्नियात, स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये, डग्लस एंगलबार्ट यांच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश यांनी पहिला माउस तयार केला. लाकडी ठोकळा आणि खाली काटकोनात बसवलेली दोन चाके, एवढेच त्याचे रूप. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत त्याचे गाजलेले प्रात्यक्षिक झाले. पेटंट मिळाले १९७० मध्ये. १९८४ च्या मॅकिन्टॉश संगणकापासून तो घराघरांत जाऊ लागला.

दोन्ही उपकरणे कर्सर हलवतात, पण संगणकाला देतात ती माहिती निराळी असते. पेन पत्ता सांगते : 'पाटीवर डावीकडून इतके, वरून इतके'. माउस वाट सांगतो : 'मघापेक्षा इतके उजवीकडे, इतके पुढे'. पहिली माहिती निरपेक्ष, दुसरी सापेक्ष. पेन उचलून दुसरीकडे टेकवा, कर्सर तिथेच जाईल. माउस उचलून दुसरीकडे ठेवा, कर्सर जागचा हलणार नाही.

यातून आणखी एक फरक निघतो. मनगट टेकवून माउस फिरवला की माउसचे तोंडही थोडे वळते आणि त्याचे 'उजवीकडे' व 'पुढे' त्याच्याबरोबर कलतात. टॅब्लेटच्या दिशा पाटीला जखडलेल्या असतात. पेन हातात वळले तरी त्या बदलत नाहीत.

पहिली स्पर्धा आणि तिचा धडा

माउस चांगला हे एंगलबार्ट यांच्या गटाने गृहीत धरले नाही. त्यांनी माउस, प्रकाशपेन, जॉयस्टिक, 'ग्राफाकॉन' हे वक्ररेषा गिरवण्यासाठी निघालेले उपकरण आणि चक्क गुडघ्याने चालवायचा दांडा यांची तुलना केली. निष्कर्ष १९६७ मध्ये प्रसिद्ध झाले. सराव असलेल्यांमध्ये माउस सर्वांत वेगवान ठरला आणि चुकाही त्याच्याच कमी होत्या. नवख्यांमध्ये मात्र प्रकाशपेन आणि गुडघ्याचा दांडा माउसच्या पुढे गेले!

म्हणजे 'कोण चांगले' याचे उत्तर चाचणी देणाऱ्याच्या सरावावर अवलंबून होते. शिवाय चाचणी मजकुरावर काम करण्याची होती. आधी कीबोर्डवरची कळ दाबायची आणि मग उपकरणाकडे हात न्यायचा, हा वेळही हिशेबात होता. गुडघ्याच्या दांड्याला हात न्यावाच लागत नव्हता, हा त्याचा मोठा फायदा. आपल्या खेळात पेन पहिल्यापासून शेवटपर्यंत हातातच असते. तेव्हा या चाचणीचा निकाल खेळाला जसाच्या तसा लावता येत नाही.

फिट्सचा नियम

तुलना नीट करायची तर कामाची अवघडता आकड्यात मांडायला हवी. हे काम ओहायो स्टेट विद्यापीठात पॉल फिट्स यांनी १९५४ मध्ये केले. दोन धातूच्या पट्ट्यांवर धातूच्या लेखणीने आळीपाळीने, शक्य तितक्या वेगाने टोचायचे, असा तो प्रयोग. पट्ट्यांमधले अंतर दुप्पट केले आणि पट्टीची रुंदीही दुप्पट केली, तर काम तेवढेच अवघड राहते, असे त्यांना दिसले. महत्त्व गुणोत्तराला आहे. अंतराच्या दुपटीला रुंदीने भागावे आणि येणारी संख्या २ चा कितवा घात आहे ते पाहावे. तेवढे 'बिट' ही त्या कामाची अवघडता. अंतर १६ सेंमी आणि रुंदी २ सेंमी असेल तर ३२ भागिले २ म्हणजे १६, म्हणजे २ चा चौथा घात. अवघडता ४ बिट. फिट्सच्या माणसांचा वेग सेकंदाला साधारण दहा बिटांच्या आसपास होता.

या प्रयोगातला एक बारकावा आपल्या वादाला थेट लागू पडतो. फिट्स यांनी एक औंसाची (सुमारे २८ ग्रॅम) आणि एक पौंडाची (सुमारे ४५४ ग्रॅम) अशा दोन लेखण्या वापरून पाहिल्या. वजन सोळापट, तरी वेग थोडाच घटला. 'पेन हलके, म्हणून पेन चांगले' हा युक्तिवाद मुले नेहमी करतात. वजनाचा परिणाम होत नाही असे नाही, पण त्याच्यावर सगळा भार टाकता येत नाही.

१९७८ मध्ये स्टुअर्ट कार्ड, इंग्लिश आणि बर यांनी झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील प्रयोगशाळेत माउसला हा नियम लावला. माउसचा वेग जवळजवळ मोकळ्या हाताएवढाच निघाला. मर्यादा यंत्राची कमी आणि माणसाच्या हाताडोळ्यांची जास्त, हा त्याचा अर्थ.

माउस आणि पेन यांची नेमकी तुलना १९९१ मध्ये स्कॉट मॅकेन्झी, अबिगेल सेलन आणि विल्यम बक्स्टन यांनी प्रसिद्ध केली. कामे दोन : लक्ष्याकडे जाऊन टिपणे, आणि दाबून धरून ओढत नेणे. टिपण्यात टॅब्लेटवरचे पेन माउसच्या पुढे गेले. ओढण्यात ती आघाडी राहिली नाही. 'ओसू!'मधली वर्तुळे आणि पट्टे आठवले, की जणू याच खेळासाठी प्रयोग केला होता असे वाटते. पण सावध राहायला हवे. प्रयोगात दाबण्याचे आणि ओढण्याचे काम एकाच हाताचे होते. खेळात दाबण्याचे काम दुसऱ्या हाताने उचललेले असते, आणि पेनाचे टोक पाटीवर दाबण्याची गरजच उरत नाही.

ठेका आला की गणित बदलते

आता खरा पेच पाहू. फिट्सपासूनच्या या सर्व प्रयोगांत सांगणे एकच : शक्य तितक्या लवकर पोचा. खेळात लवकर पोचून उपयोग नाही. ठोक्याला पोचायचे असते.

एक उदाहरण घेऊ. मिनिटाला १८० ठोक्यांचे गाणे आहे आणि वर्तुळे अर्ध्या-अर्ध्या ठोक्यावर येतात. म्हणजे सेकंदाला सहा. दोन वर्तुळांच्या केंद्रांमधले अंतर वर्तुळाच्या व्यासाच्या दुप्पट असेल, तर फिट्सच्या सूत्राने प्रत्येक उडी २ बिटांची. सहा उड्यांचे झाले १२ बिट. फिट्सच्या माणसांपेक्षा हा वेग काकणभर जास्तच आहे, आणि सराईत खेळाडूंना अशा जागा नवीन नाहीत. याची कारणे वर आलीच आहेत. टिचकीचे काम दुसऱ्या हाताकडे आहे, हात प्रत्येक लक्ष्यावर थांबत नाही, आणि पुढची वर्तुळे आधीच दिसत असतात.

प्रत्येक उडीला मिळतो सेकंदाचा सहावा भाग, सुमारे १६७ मिलिसेकंद. एवढ्या वेळात 'हात चुकतोय' हे डोळ्यांनी पाहून तो सुधारता येतो का? याचे उत्तर कोलंबिया विद्यापीठात रॉबर्ट वुडवर्थ यांनी १८९९ साली आपल्या प्रबंधात शोधले होते, आणि तेही ठेक्यावर! फिरत्या कागदावर मेट्रोनोमच्या ठोक्याबरोबर ठरावीक लांबीच्या रेघा पेन्सिलीने काढायच्या. एकदा डोळे उघडे ठेवून, एकदा मिटून. मिनिटाला ४० रेघांच्या संथ लयीत उघड्या डोळ्यांचा फायदा मोठा होता. लय वाढत गेली तसा तो कमी झाला. मिनिटाला १४० च्या पुढे डोळे उघडे असोत की मिटलेले, चूक सारखीच! १९६८ मध्ये कील आणि पोझनर यांनी मोजले, तेव्हा नजरेने हालचाल सुधारायला साधारण १९० ते २६० मिलिसेकंद लागतात असे दिसले.

याचा अर्थ, जलद गाण्यात हात निघतो तो बाणासारखा. एकदा सुटला की वाटेत वळवायला सवड नसते. नेम धरायचा तो सुटण्यापूर्वी. अशा हालचालींची चूक कशी वाढते हे रिचर्ड श्मिट आणि सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये दाखवले. ठरलेल्या वेळेत करायच्या झटपट हालचालीत पोचण्याच्या जागांचा विखुरलेपणा सरासरी वेगाच्या प्रमाणात वाढतो. वेळ तोच ठेवून अंतर दुप्पट केले, की विखुरणेही दुप्पट.

यावरून खेळाडूंची आणखी एक खटपट समजते. टॅब्लेटचा किती भाग पडद्याला जोडायचा, माउसची संवेदनशीलता किती ठेवायची, यावर ते दिवस घालवतात. श्मिटचा नियम तंतोतंत पाळला गेला असता तर ही खटपट व्यर्थ ठरली असती. हाताची चाल निम्मी केली की विखुरणे निम्मे होईल, पण पडद्यावर ते दुप्पट मोठे होऊन दिसेल, हिशेब तिथेच. प्रत्यक्षात दोन्ही टोकांना नियम तुटतो. चाल फार लहान केली की हाताची स्वाभाविक थरथर आणि उपकरणाची बारीक चूक मोठी होऊन दिसते. फार मोठी केली की हाताचा वेग पुरत नाही. सोयीची जागा मधे कुठेतरी असते, आणि ती ज्याची त्याला शोधावी लागते.

मग काय घ्यावे?

नजरेला सवड नसलेल्या हालचालींत पेनाच्या बाजूने एक गोष्ट बोलते. पडद्यावरच्या प्रत्येक जागेला पाटीवर एक कायमची जागा असते. ती हाताच्या अंगवळणी पडू शकते. ताटातला घास न पाहता तोंडाशी नेतो तशी. माउस उचलला गेला, घसरला किंवा हातात वळला, तर हाताची जागा आणि पडद्यावरची जागा यांचा मेळ सुटतो. वेगानुसार कर्सर जास्त पळवण्याची सोय चालू असेल तर तो कधी बसतच नाही. म्हणून माउसवर खेळणारे ती सोय बहुधा बंद करतात.

माउसच्या बाजूनेही बोलण्यासारखे आहे. तो सोडला तरी जागेवर राहतो, त्याला टेबलाचा आधार असतो, आणि बहुतेकांच्या हाताला त्याचा आधीच सराव असतो. टॅब्लेट मुळात चित्रकारांसाठी बनवलेला. रेघ गुळगुळीत दिसावी म्हणून काही टॅब्लेटांची आज्ञावली हाताच्या कंपांची सरासरी काढते, आणि त्यापायी कर्सर किंचित मागे राहतो. चित्राला ते शोभते, ठेक्याला नाही.

जागतिक क्रमवारीत माउस आणि टॅब्लेट यांचे खेळाडू एकत्रच मोजले जातात आणि दोन्ही प्रकारचे खेळाडू वरच्या जागांवर पोचले आहेत. स्पर्शपडद्यावर खेळणाऱ्यांचे गुण मात्र वेगळ्या हिशेबाने धरतात, कारण अनेक बोटे असली की कर्सरला वाट चालावीच लागत नाही. पेन आणि माउस यांत तसा फरक नाही, हे खेळणाऱ्यांनी व्यवहारातच ठरवले आहे.

तेव्हा विचारणाऱ्या विद्यार्थ्याला सांगता येईल ते असे. घरी माउस असेल तर त्याने सुरुवात करावी. केवळ खेळासाठी टॅब्लेट घेण्याची घाई नको. चित्रांसाठी टॅब्लेट घरात असेलच तर जरूर वापरून पाहावा, पण पहिल्या दिवशी निकाल देऊ नये. १९६७ चा धडा तोच आहे : नवख्याचा निकाल आणि सरावलेल्याचा निकाल उलटे असू शकतात. आणि मनगट किंवा अंगठा दुखू लागला तर उपकरण कोणतेही असो, खेळ थांबवावा.

वर्गात करून पाहा

या सगळ्याला संगणक लागतोच असे नाही. कागदावर २ सेंमी व्यासाची दोन वर्तुळे, केंद्रे १६ सेंमी अंतरावर, अशी काढा. पेन्सिलीने आळीपाळीने टोचत २० टोच्यांना लागणारा वेळ मोजा. मग १ सेंमी व्यासाची वर्तुळे ८ सेंमीवर काढून पुन्हा मोजा. दोन्ही कामे ४ बिटांची. वेळा जवळपास याव्यात.

पुढे एकाने टेबलावर ठेका धरावा किंवा मोबाइलवरचा मेट्रोनोम लावावा. मिनिटाला ४०, ८०, १४० आणि २०० ठोक्यांना टोचायचे. प्रत्येक लयीला कोरा कागद, एकदा डोळे उघडे आणि एकदा मिटून. केंद्रापासूनची अंतरे मिलिमीटरमध्ये मोजून सरासरी काढा आणि आलेख करा. उघड्या आणि मिटलेल्या डोळ्यांच्या दोन रेषा कोणत्या लयीला जवळ येतात, ते वर्गाने स्वतः पाहावे.

माउस आणि पेन यांची चाचणी घ्यायची तर निम्म्या मुलांनी आधी माउस आणि निम्म्यांनी आधी पेन घ्यावे, म्हणजे आधीच्या सरावाचा फायदा एकाच उपकरणाला मिळणार नाही. हीच मापे दोन आठवड्यांच्या सरावानंतर पुन्हा घ्यावीत. पहिल्या आणि शेवटच्या दिवसाचे आकडे शेजारी शेजारी फळ्यावर लिहावेत. दोन्ही दिवशी एकच उपकरण पुढे राहते का, हे मुलांनाच सांगू द्यावे.